एज केस कुणाला म्हणता?

गेल्या पावसाळ्यात मी ऑफिसात एक तिकीट बंद केलं. आमच्या धंद्यात तक्रारीला तिकीट म्हणतात, आणि दिवसाला किती तिकिटं बंद केली यावर माणसाची किंमत ठरते. तक्रार करणारे एक निवृत्त शिक्षक होते. पतसंस्थांसाठी आम्ही एक ॲप बनवलंय. त्यात ते आपलं नाव नीट टाइप करायचे आणि ठेवीची पावती निघायची तेव्हा आडनाव चुकलेलं असायचं. आडनाव सांगत नाही, त्यात ‘ऱ्ह’ होता एवढं पुरे. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर, यांपैकी कुठलंही धरा. आमचं ॲप त्या ‘ऱ्ह’चा ‘र्ह’ करून टाकायचं. कुऱ्हाडेंचे कुर्हाडे.

कारण शोधायला मला पंधरा मिनिटं लागली. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध, किंवा ‘र’ अधिक नुक्ता. संगणकाच्या लेखी दोन्ही एकच. आमच्यातल्या कुणीतरी शोध सोपा व्हावा म्हणून सगळे नुक्ते काढून टाकणारा कोड लिहिला होता. हिंदीतलं ‘ज़’ शोधताना ‘ज’सुद्धा सापडावं, हा हेतू. हेतू चांगलाच. पण तो कोड नाव शोधतानाच नव्हे, साठवतानाही चालायचा. ‘ऱ’चा नुक्ता काढला की उरतो नुसता ‘र’.

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. प्रश्न आला, “किती यूजर्सना होतंय?”

“तक्रार एकाचीच आहे.”

“मग एज केस आहे. क्लोज कर.”

मी क्लोज केलं. कारणाच्या रकान्यात ‘वोन्ट फिक्स’ निवडलं. माझा त्या दिवसाचा आकडा एकने वाढला. कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती, हेही इथेच सांगून टाकतो.

त्याच रात्री मी डॉल्फिन या एम्युलेटरमधल्या नव्या दुरुस्त्यांची यादी वाचत पडलो होतो, आणि मला माझीच लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून आलाय. त्यामुळे सूर थोडा चढा लागला तर समजून घ्या.

*

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एम्युलेटर म्हणजे एका यंत्राची सोंग घेणारा प्रोग्राम. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ खेळलेला असतो. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’ असा धादांत खोटा दावा, चालली नाही की फुंकर. तो डबासुद्धा मूळच्या निन्टेंडोची नक्कलच होता, फक्त ती नक्कल चिपमध्ये केलेली होती. एम्युलेटर तेच काम सॉफ्टवेअरमध्ये करतो. खेळाला वाटत राहतं की आपण आपल्या जुन्या यंत्रातच आहोत. प्रत्यक्षात तो तुमच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर असतो.

डॉल्फिन हा निन्टेंडोच्या गेमक्यूब (२००१) आणि वी (२००६) या दोन यंत्रांचा एम्युलेटर. पहिली आवृत्ती २००३ सालची. २००८ साली त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. तेव्हापासून जगभरचे लोक, बहुतेक जण नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून, त्यात भर घालतायत. २०१६ च्या जूनमध्ये ५.० ही आवृत्ती आली आणि पुढची अधिकृत आवृत्ती थेट २०२४ च्या जुलैमध्ये. मधल्या आठ वर्षांत प्रकल्प झोपला नव्हता. त्या काळात वीस हजारांहून जास्त बदल कोडमध्ये गेले. बहुतेक सगळे छोटे.

या बदलांचे अहवाल ते लिहितात, आणि मी ते कादंबरीसारखे वाचतो. अमुक खेळात अमुक दृश्यात अमुक गोष्ट चुकत होती. ती का चुकत होती. खऱ्या यंत्रात काय होतं, आमच्याकडे काय होत होतं. कुणी शोधलं, कुणी दुरुस्त केलं. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारीशेजारी. कधीकधी दोन चित्रांतला फरक शोधायला मला डोळे बारीक करावे लागतात.

आता तुमच्या फोनवरचं कुठलंही मोठं ॲप अपडेट करताना काय लिहिलेलं असतं ते आठवा. काही बग दूर केले आणि कामगिरी सुधारली. झालं. कुठले बग? कुणाला त्रास होत होता? आधी माझं काय चुकत होतं? हजारो पगारी इंजिनिअर असलेल्या कंपन्या तुम्हाला एका ओळीत कटवतात. आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या खेळासाठी फुकट राबणारा माणूस तुम्हाला चार परिच्छेद देतो. यातला व्यावसायिक कोण, हे मला सांगा.

*

एक दुरुस्ती नीट उलगडून सांगतो, कारण सगळा वाद तिच्यात आहे.

मारिओ कार्ट वी या शर्यतीच्या खेळात ‘घोस्ट’ असतात. तुम्ही एकदा शर्यत पूर्ण केली की ती साठवता येते, आणि पुढच्या वेळी तुमचंच भूत तुमच्याशी शर्यत लावतं. खेळ बनवणाऱ्यांची भुतंही डिस्कवर दिलेली असतात. गंमत अशी की भुताच्या फाइलमध्ये गाडी कुठल्या क्षणी कुठे होती हे लिहिलेलं नसतंच. तिच्यात फक्त बटणं असतात. या क्षणी वेग दाबला, त्या क्षणी डावीकडे वळवलं. खेळ ती बटणं पुन्हा दाबतो आणि बाकीचं गणित नव्याने करतो. गणित तेच, बटणं तीच, म्हणजे शर्यतही तीच व्हायला हवी.

एम्युलेटरवर ती होत नव्हती. भूत थोडा वेळ नीट चालायचं, मग एखादं वळण किंचित चुकायचं आणि भिंतीवर जाऊन आदळायचं. शर्यत संपली तरी ते तिथेच भिंतीला टकरा देत असायचं.

कारण गुणाकार. या यंत्रांतला पॉवरपीसी प्रोसेसर दशांश संख्यांचा साध्या अचूकतेचा गुणाकार करताना एक आडवाट घेतो. दोन संख्यांपैकी एकीचे खालचे बिट तो गुणण्याआधीच छाटतो आणि २५ बिटच ठेवतो. चिप लहान आणि वेगवान राहावी म्हणून केलेली काटकसर. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर ही काटकसर करत नाही. तो अधिक अचूक उत्तर देतो. म्हणजे बघा, एम्युलेटर चुकत होता कारण त्याचं गणित जास्त बरोबर होतं.

फरक किती? शेवटच्या एखाद्या बिटाचा. पण खेळ सेकंदाला साठ वेळा हे गणित करतो आणि प्रत्येक वेळी आधीच्या उत्तरावर पुढचं उत्तर रचतो. दोन मिनिटांच्या शर्यतीत ७,२०० पायऱ्या. तळाच्या पायरीवर केसाएवढा फरक पडला की वरच्या पायरीवर गाडी भिंतीत.

यावर सोपा उपाय काय होता? माझ्या ऑफिसात असतो तर मी सुचवला असता: भुतं दाखवूच नका. किंवा या एका खेळासाठी एक ‘इफ’ टाका. खेळाचं नाव मारिओ कार्ट असेल तर भूत भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा. डेमोला चाललं असतं.

डॉल्फिनच्या लोकांनी तो प्रोसेसर नेमकं काय करतो ते शोधलं. खरं यंत्र समोर ठेवून त्याच्यावर छोटे प्रोग्राम चालवले, आकडे घातले, उत्तरं तपासली आणि ते २५ बिटांचं छाटणं जसंच्या तसं आपल्या कोडमध्ये लिहिलं. मुद्दाम, कळून-सवरून, कमी अचूक गुणाकार. मग भूत वळणावर नीट वळलं.

या कामामागे एक नियम आहे, तो कुठे कोरून ठेवलेला नाही पण प्रत्येक दुरुस्तीत दिसतो. खेळ आणि एम्युलेटर यांचं पटलं नाही तर चूक एम्युलेटरची. खेळ आधी आला. तो आता बदलणार नाही. बनवणारी कंपनी कदाचित बंद पडली असेल, तो लिहिणारा माणूस आता दुसरंच काही करत असेल. तेव्हा बदलायचं तर नंतर आलेल्याने.

आमच्या धंद्यात याच्या बरोबर उलट चालतं. ॲप आणि माणूस यांचं पटलं नाही तर चूक माणसाची. नाव असं का लिहिलं? फोन जुना का? आडनावात ‘ऱ्ह’ कशाला? वास्तविक ‘ऱ्ह’ युनिकोडच्या आधी आला, आमच्या कंपनीच्या आधी आला, माझ्या जन्माच्याही पुष्कळ आधी आला. नंतर आलेले आम्ही.

*

आता लोक काय म्हणतात ते घेऊ. हे सगळं मला मित्रांनी प्रत्यक्ष ऐकवलेलं आहे.

पहिलं: “बहुतेक खेळ चालतात ना, मग उरलेल्या एका-दोघांसाठी एवढा जीव कशाला काढायचा?”

गेमक्यूबचा एक खेळ होता, स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स. बाकी सगळे अधिकृत खेळ निदान सुरू तरी व्हायला लागले तेव्हाही हा सुरूच होत नव्हता. कारण डॉल्फिनने सुरुवातीपासून एक गृहीत धरलं होतं: सगळे खेळ मेमरीची मांडणी एकाच ठराविक पद्धतीने करतात. जवळजवळ सगळे करतही होते. या एका खेळाने ती मांडणी स्वतःच्या सोयीने बदलली होती. प्रोसेसरला ते चालत होतं. डॉल्फिनला चालत नव्हतं. २०१६ साली ते गृहीतकच काढून टाकलं गेलं. मेमरीची मांडणी खऱ्या यंत्रासारखी, खेळ सांगेल तशी बदलू लागली आणि तो शेवटचा खेळ सुरू झाला.

तो काही फार महान खेळ होता असं माझं म्हणणं नाही. मुद्दा असा की बाकीच्या सगळ्या खेळांनी मिळून डॉल्फिनची जी चूक झाकून ठेवली होती, ती या एकाने उघडी पाडली. ‘एज केस’ हा शब्द आपण असा वापरतो जणू ती वस्तीबाहेरची एखादी झोपडी आहे. खरं तर तुमचं गृहीतक कुठे संपतं आणि जग कुठे सुरू होतं, ती हद्द तुम्हाला फक्त तिथूनच दिसते.

दुसरं: “एवढी अक्कल काहीतरी नवं बनवण्यात घालवा की.”

हे म्हणणारे लोक नवं काय बनवतायत ते मी जवळून पाहतो. मीही त्यातलाच. गेल्या तीन वर्षांत मी दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या एका ॲपवर काम केलं, एका कर्जाच्या ॲपवर केलं, आता हे. आधीच्या दोन ठिकाणी मी लिहिलेला कोड आज चालू आहे की नाही हे मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारायलाही गेलेलो नाही. उलट डॉल्फिनमध्ये कुणीतरी एके संध्याकाळी लिहिलेल्या गुणाकाराच्या चार-दोन ओळी आज माझ्या मशीनवर चालतायत. नव्याची हौस मलाही आहे. पण ‘नवं’ म्हणजे आपोआप मोठं आणि ‘दुरुस्ती’ म्हणजे आपोआप क्षुल्लक, ही उतरंड कुणी लावली? ज्यांना गुंतवणूकदारांपुढे स्लाइड दाखवायची असते त्यांनी. तुम्ही-आम्ही ती का मानायची?

तिसरं: “एम्युलेटर म्हणजे पायरसी. चोरांच्या सोयीसाठी कसली नैतिकता?”

इथे मी हात झटकणार नाही. इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलवर अर्ध्या पोरांच्या फोनमध्ये पीपीएसएसपीपी होतं. सोनीच्या पीएसपीचा हा एम्युलेटर हेन्रिक रिडगार्ड या प्रोग्रामरने २०१२ साली आणला. डॉल्फिनच्या मूळ दोघा कर्त्यांपैकीही तो एक. आम्ही त्याच्यावर टेकन खेळायचो, गॉड ऑफ वॉर खेळायचो. खेळांच्या फाइली पेनड्राइव्हवरून या खोलीतून त्या खोलीत जायच्या. एकानेही डिस्क विकत घेतलेली नव्हती. ती चोरीच होती आणि तिला मी दुसरं नाव देत नाही.

पण चोरी फाइलची होती. पीपीएसएसपीपीत सोनीचा एकही खेळ नसतो, डॉल्फिनमध्ये निन्टेंडोचा नसतो. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय की एम्युलेटर बनवण्यासाठी प्लेस्टेशनचं केलेलं रिव्हर्स इंजिनिअरिंग हा योग्य वापर आहे. याचा अर्थ सगळ्यांना सगळं माफ असाही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये स्विचच्या युझू या एम्युलेटरच्या कर्त्यांना निन्टेंडोशी २४ लाख डॉलरची तडजोड करून दुकान बंद करावं लागलं. २०२३ साली डॉल्फिनही स्टीमवर येणार होता. निन्टेंडोचं पत्र गेलं आणि तो बेत सोडावा लागला. कायद्याची ही भांडणं चालू राहतील.

मला विचारायचंय ते वेगळंच. चोरी नको म्हणता, ठीक. मग विकत कुठे मिळतं ते सांगा. वीचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली तेव्हा आढळलं की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळतच नाहीत. ज्याची डिस्क माळ्यावर पडलीय, जुनं यंत्र बिघडलंय आणि नवं मिळत नाही, त्या माणसाने कायदेशीर डिस्क कशात घालायची? मालकाने दुकानाला कुलूप लावलं, किल्ली फेकून दिली, आणि किल्ली घडवणाऱ्याला आपण चोर म्हणतो.

*

चौथा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो माझाच आहे.

होस्टेलवरचा माझा फोन साडेसहा हजारांचा होता. त्याच्यावर अचूकता परवडत नसे. फ्रेम गाळा, सावल्या काढा, चित्र निम्म्या आकारात रंगवा, असे सगळे जुगाड लावले की खेळ कसाबसा पळायचा. त्या वेळी मला कुणी शेवटच्या बिटाची गोष्ट सांगितली असती तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. अचूकतेला वीज लागते, पैसा लागतो. बीएसएनईएस हा सुपर निन्टेंडोचा एम्युलेटर लिहिणाऱ्या, बायू या नावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरने २०११ साली एक लांबलचक लेख लिहून हेच मांडलं होतं: जुने एम्युलेटर ३०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर पळायचे, संपूर्ण अचूक नकलेला ३ गिगाहर्ट्झ लागतात. दसपट. आणि तरीही ती दसपट किंमत मोजावी, असं त्या लेखाचं म्हणणं होतं.

का मोजावी? त्या लेखातली उदाहरणं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एअर स्ट्राइक पेट्रोल या खेळात तुमच्या विमानाची सावली जमिनीवर पडते. बॉम्ब कुठे पडणार हे तिच्यावरून कळतं. पुष्कळ एम्युलेटरांत ती सावली उमटतच नव्हती, आणि खेळणाऱ्याला कळायचंही नाही की काहीतरी गायब आहे. तो समजायचा, खेळच अवघड आहे. स्पीडी गोन्झालेसच्या खेळात शेवटाकडे एक बटण आहे. ते दाबलं की खेळ मेमरीतल्या अशा पत्त्यावरून आकडा वाचत बसतो जिथे काही जोडलेलंच नाही. ही खेळ लिहिणाऱ्याची चूक. पण खऱ्या यंत्रात तारांवर आधीचा आकडा रेंगाळलेला असतो, तो योगायोगाने बदलतो आणि खेळ पुढे जातो. अचूक नसलेल्या एम्युलेटरात तो आकडा कधीच बदलत नाही. खेळ तिथेच गोठतो. कुणाच्या तरी चुकीवर कुणाचा तरी खेळ उभा आहे, आणि ती चूकसुद्धा जपावी लागते.

सगळ्यात वाईट उदाहरण तर अजून पुढे आहे. झेडएसएनईएस हा एकेकाळचा सगळ्यात लोकप्रिय एम्युलेटर. वेगवान, आणि बऱ्याच ठिकाणी अंदाजपंचे. जपानी खेळांची इंग्रजी भाषांतरं करणाऱ्या हौशी लोकांनी आपलं काम त्याच्यावरच तपासलं. तिथे चालतंय म्हणजे झालं. नंतर कळलं की यातली काही भाषांतरं फक्त तिथेच चालतात. खऱ्या यंत्रात घातली की मोडतात. चुकीच्या नकलेवर विसंबून केलेलं खरं काम वाया गेलं. मग अचूक एम्युलेटरलाच लोक विचारू लागले, तुझ्यावर हे का चालत नाही? नक्कल अस्सल ठरली आणि अस्सल सदोष ठरलं.

म्हणून माझ्या जुन्या फोनचा प्रश्न मी असा सोडवतो. जुगाड करणं पाप नाही. जुगाड लपवणं पाप आहे. डॉल्फिनमध्येही वेगासाठी अचूकता सोडायची बटणं आहेत. पण ती बटणं आहेत, त्यांच्यावर कर्सर नेला की काय बिघडू शकतं ते लिहिलेलं आहे, आणि कुठल्या खेळाला कुठलं बटण चालत नाही याच्या वेगळ्या नोंदी आहेत. गरिबाच्या फोनवर खेळ पळावा ही काळजी आणि काय गाळलं हे सांगण्याचा प्रामाणिकपणा, दोन्ही एकत्र नांदतात. आमच्या ॲपने नुक्ते गाळले तेव्हा शिक्षकांना कुणी विचारलं होतं? कुठे बटण होतं?

*

आता थोडं आपल्याकडे बघू.

तुम्ही एम्युलेटर वापरता. फुकट. मग ॲप स्टोअरवर एक स्टार देता आणि लिहिता: ‘माझा गेम चालत नाही, थर्ड क्लास.’ कुठला गेम, कुठला फोन, कुठे अडतो, काही नाही. ज्या माणसाने तुमच्याकडून एक रुपया घेतला नाही त्याला तुम्ही दुकानदाराच्या वर बोलता. मीही होस्टेलवर असताना असं लिहिलंय.

आणि जे माझ्यासारखे या धंद्यात आहेत त्यांना तर तोंडच नाही. पुण्यातल्या कुठल्याही आयटी पार्कात उभं राहून दगड मारा, ज्याला लागेल त्याचा पगार ओपन सोर्सवर उभा असेल. लिनक्स, पायथन, डेटाबेस, सगळं दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं. त्यातली एक ओळ तरी आपण परत केली का? “वेळ मिळत नाही” हे उत्तर मला पाठ आहे. वेळ मला रात्री दोनपर्यंत शर्यत खेळायला मिळतो.

कोड लिहायलाच हवा असंही नाही. कुठला खेळ, कुठली आवृत्ती, कुठला फोन, काय केल्यावर काय होतं आणि काय व्हायला हवं होतं, एवढं नीट लिहिलं तरी ते काम आहे. कधीपासून बिघडलं हे शोधून दिलं तर अर्धी दुरुस्ती तुम्हीच केली. कुणाच्याही बदलाने जुनं काही बिघडू नये म्हणून डॉल्फिनच्या लोकांनी खेळांतली दृश्यं साठवून ठेवलीयत. नवा बदल आला की ती दृश्यं आपोआप पुन्हा रंगवली जातात आणि पिक्सेल पिक्सेल ताडून पाहिली जातात. एका बाजूला ही शिस्त. दुसऱ्या बाजूला आमची टेस्टिंग, ज्यात मराठी नाव म्हणून कायम ‘राम पाटील’ टाकलं जातं. राम पाटील कधीच बिघडत नाही.

*

तर, मी तिकीट पुन्हा उघडलं. शूर वगैरे होऊन नाही. एका शुक्रवारी हाताला काम नव्हतं म्हणून. नुक्ते काढणारा कोड फक्त शोधापुरता ठेवला, साठवताना बंद केला. सहा ओळी. चाचणीच्या यादीत राम पाटीलच्या खाली कुऱ्हाडे, गोऱ्हे आणि कऱ्हाडकर घातले. दुपारच्या चहापर्यंत झालं.

मग लक्षात आलं की हे पुढच्या नावांपुरतं झालं. आधीची सगळी नावं साठवतानाच चिरडली गेली होती. उलटा कोड लिहावा म्हटलं, प्रत्येक ‘र्ह’चा ‘ऱ्ह’ आणि ‘र्य’चा ‘ऱ्य’ करणारा. तो लिहिता येत नाही. ‘अर्हता’मधला ‘र्ह’ मुळातच तसा आहे. ‘आचार्य’मधला ‘र्य’ही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना दिलेलं मानधन आचाऱ्यांना गेलेलं चालणार नाही. एकदा फरक पुसला की कुठला कुठला होता हे यंत्राला सांगता येत नाही. माणसालाच बसावं लागतं. मी दोन शनिवार बसलो आणि नावं एकेक करून पाहिली. तक्रार एकाची होती. चुकलेली नावं एक नव्हती, काही शे होती. बाकीच्यांनी तक्रार केली नव्हती इतकंच. सवय असते आपल्या लोकांना.

शेवटी त्या शिक्षकांना फोन केला. सर, तुमचं आडनाव दुरुस्त केलंय, पुढच्या पावतीपासून बरोबर येईल. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अहो, आता नको. पावतीवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळेना म्हणून ठेवीचा चेक अडकला होता. तुमच्याकडून काही होईना, म्हणून गेल्या महिन्यात बँकेत अर्ज देऊन मी तिथलंच नाव तुमच्यासारखं करून घेतलं. आता तुम्ही बदललंत तर परत जुळायचं नाही.”

मी त्यांना म्हटलं, बँकेत काय लागेल ते मी येऊन करतो. ते म्हणाले, बघू. पावसाळा संपू दे.

तिकीट आता ‘फिक्स्ड’ म्हणून बंद आहे. त्यांचं आडनाव बँकेत अजून चुकीचंच आहे.